कळ आई, चली गई

आमच्या जयपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दरवर्षी ऑगस्टमध्ये मला फोन करतात आणि दरवर्षी तेच वाक्य म्हणतात, "डॉक्टर, दवाखान्यातले काही गमतीशीर किस्से होऊन जाऊ द्या." मीही दरवर्षी देते. नाकात वाटाणा घालून आलेला मुलगा, बायकोच्या गोळ्या स्वतः खाऊन बसलेले गृहस्थ, असं काहीतरी. लोक हसतात, मला बरं वाटतं. यंदा मात्र मी त्यांना सांगितलं, की किस्सा देते, पण तो माझ्यावरच आहे आणि शेवटी कुणी हसणार नाही. ते म्हणाले, "चालेल, पण फार मोठा नको." बघू या.

एक गोष्ट आधी सांगून टाकते. मी जयपुरातच वाढले. वडील बँकेत, बदली होऊन आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. माझं आडनाव पिंगळे. पण हिंदीत ळ नसतो, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर मी पिंगले झाले, ती कॉलेजातही पिंगलेच राहिले आणि पुढे डॉ. पिंगले झाले. आई चिडायची. "अगं, जीभ उलटी करून टाळूला लाव, काय जड आहे का त्यात?" मी म्हणायची, "आई, मतलब समजतो ना? मग झालं तर." हा लेखसुद्धा आईने वाचून, ळ तपासून दिलाय. का ते पुढे येईलच.

तर गोष्ट आहे एमबीबीएसनंतरच्या माझ्या त्या एका वर्षाची. बाहेरच्यांना वाटतं, एमबीबीएस झालं म्हणजे पोरगी डॉक्टर झाली. कागदोपत्री होतेच. इंटर्नशिप झाली, राज्याच्या कौन्सिलची नोंदणी मिळाली, औषध लिहून द्यायचा अधिकार मिळाला. पण आजकाल नुसत्या एमबीबीएसला कोण विचारतो? पुढे एमडी, एमएस करायचं तर सगळ्या देशाची मिळून एक प्रवेश परीक्षा असते. पहिल्या खेपेला मला हवी ती जागा मिळाली नाही. मग एक वर्ष थांबायचं, पुन्हा अभ्यास करायचा. अशा मुलामुलींना इकडे ड्रॉपर म्हणतात. नातेवाइकांचे फोन आले की बाबा म्हणायचे, "तयारी करतेय." किती दिवस घरात बसून तयारी करणार? हात विसरतात, असं आमचे सर म्हणायचे. म्हणून मी काम शोधायला निघाले.

काम मिळतं ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. ‘ड्यूटी डॉक्टर चाहिए, रजिस्ट्रेशन ज़रूरी, तुरंत जॉइन’ असे मेसेज दिवसाला दहा यायचे. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये सर्टिफिकेटं घालून मी स्कूटीवर मानसरोवरपासून प्रताप नगरपर्यंत हिंडले. एका ठिकाणी मालकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, नोंदणीच्या कागदाकडेच बघत म्हणाले, "मैडम, आपको आना भी नहीं पड़ेगा. बस कॉपी दे जाइए, बोर्ड पर नाम चढ़ा देंगे." म्हणजे डॉक्टर मी, आणि पेशंट तपासणार दुसराच कुणीतरी. हे डोक्यात शिरायला मला थोडा वेळ लागला. शिरल्यावर मी ताडकन उठायला हवं होतं. मी म्हटलं, "विचार करून सांगते." आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. दुसरीकडे केस उगवून देणारं क्लिनिक होतं, तिथे मी फक्त पांढरा कोट घालून उभं राहायचं होतं. तिसरीकडे दोनच प्रश्न विचारले: लग्न ठरलंय का आणि परीक्षा कधी आहे. दोन्हींची उत्तरं त्यांना आवडली नाहीत.

शेवटी मानसरोवरातल्या एका आडगल्लीतल्या नर्सिंग होममध्ये जमलं. मालक स्वतः सर्जन, तोंडात सतत सौंफ. म्हणाले, "सुबह आठ से शाम आठ. वॉर्ड देखना, इमर्जन्सी देखना. फिज़िशियन सर शाम को राउंड पे आते हैं. कुछ समझ न आए तो फोन करना. पर हर बात पे मत करना."

ड्यूटी डॉक्टर म्हणजे काय, तर मोठे डॉक्टर नसतात तेव्हा जो असतो तो. पेशंट आला की त्याला पहिलं तपासायचं, केसपेपर लिहायचा, सलाइन लावायचं, नातेवाइकांना शांत करायचं, मोठ्या डॉक्टरांना फोन करायचा की नाही हे ठरवायचं. सगळ्यात महत्त्वाचा तो केसपेपर. कॉलेजात दुसऱ्या वर्षीच शिकवतात, तक्रार पेशंटच्याच शब्दांत लिहा. तो ‘जळतंय’ म्हणाला तर ‘जळतंय’ लिहा, तुमची हुशारी पुढच्या ओळीत दाखवा. आम्ही माना डोलवायचो आणि सगळं इंग्रजीत लिहायचो.

पहिले काही दिवस माझी चांगलीच जिरली. एक म्हातारेबाबा धाप लागून आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "छोरी, डॉक्टर नै बुला." म्हणजे, डॉक्टरला बोलाव. सिस्टर म्हणाली, हीच डॉक्टर. बाबा म्हणाले, "तो फेर बड़ा नै बुला." पण पुढे जम बसला. गांधीलमाशी चावून सुजलेल्या, श्वास अडकलेल्या एका शाळामास्तरांना मी वेळेवर इंजेक्शन दिलं, डोळ्यांदेखत माणूस परतला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने घेवर या इकडच्या मिठाईचा डबा आणून दिला. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "मैडम होशियार हैं." झालं, माझे पाय जमिनीवर राहीनात.

तिथली सिस्टर होती संतोष. इकडे संतोष हे बायकांचंही नाव असतं. टोंककडच्या खेड्यातली, पन्नाशीला आलेली, तीस वर्षं हेच काम करणारी. मारवाडी-ढुंढाडी बोलणाऱ्यांच्या जिभेवर ळ असतो हे मला तिच्यामुळे कळलं. ती गोली म्हणत नसे, गोळी म्हणे. काळीज म्हणायचं तर काळजो. एकदा आई मला डबा द्यायला आली होती, तिने संतोषला बोलताना ऐकलं आणि जाताना मला हळूच म्हणाली, "तुझ्यापेक्षा हीच जास्त मराठी वाटते गं." मला राग आला होता.

आता तो दिवस. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना विचारूनच लिहितेय, नाव मात्र घालणार नाही. त्यांना काकू म्हणते.

थंडीचे दिवस होते. साडेअकराला माझी ऑनलाइन सराव परीक्षा होती. ठरल्या वेळेला सुरू केली नाही तर ती बंद होते, पुन्हा देता येत नाही. मालक ऑपरेशनला गेले होते, वॉर्ड शांत होता, मी मोबाइल चार्ज करून टेबलाच्या खणात तयार ठेवला होता. सव्वाअकराला साठीच्या एक बाई आल्या. गोल चेहरा, हातात हिरव्या बांगड्या, अंगात स्वेटर आणि कपाळावर घाम. घाम मी पाहिला होता. यजमान खाली काउंटरवर चिठ्ठी काढत होते, म्हणून त्या जिना चढून एकट्याच पुढे आल्या होत्या.

"क्या हुआ, आंटीजी?"

"डॉक्टरसाब, छाती में कळ आई. बहुत कळ आई."

मी ऐकलं, कल आई. कल, म्हणजे काल. काय आलं ते राहूनच गेलं, पण जयपुरात परगावच्या बायकांचं हिंदी असंच असतं, आपण जुळवून घेतो.

"कल आया था दर्द? और अभी?"

"अभी नहीं. कळ आई, चली गई. अब भारी-भारी लगता है."

काल आलं, गेलं. मी लिहिलं: कालपासून छातीत दुखत होतं, सध्या दुखत नाही. इंग्रजीत लिहिलं, झोकात. बी.पी. बघितलं, जरा वाढलेलं होतं. एवढ्यात त्यांनी माझ्या कोटावरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहराच उजळला.

"पिंगले? म्हणजे पिंगळे? मराठी का गं तू?"

"हो."

"अगंबाई! कुठली तू? आम्ही सांगलीकडचे. हे विम्याच्या ऑफिसात होते, रिटायर होऊन इथेच राहिलो. बघ, आपलं माणूस भेटलं. आता निम्मं दुखणं पळालं माझं."

मग त्यांनी मला आईबाबांचं गाव विचारलं, मंडळाच्या संक्रांतीला का दिसत नाही म्हणून दटावलं. मीही खुलले. माझं मोडकं मराठी त्यांना गोड वाटत होतं. मी काय केलं नाही हे लक्षात घ्या: आपलं माणूस भेटल्यावर ‘काकू, आता मराठीत सांगा, नेमकं काय झालं,’ एवढा एक प्रश्न विचारला नाही. कारण मला वाटत होतं की मला कळलंय. आणि घड्याळात अकरा पंचवीस झाले होते.

मी ॲसिडिटीचं इंजेक्शन लिहिलं, गोळ्या लिहिल्या. ईसीजी संध्याकाळी मोठे डॉक्टर आले की काढू, म्हटलं. संतोष सिस्टर इंजेक्शन भरत होती. ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मैडमजी, वो ‘कल’ नहीं बोलीं. कुछ और बोलीं. एक बार पूछ लो."

मी तिला काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "मराठी मैं हूँ कि आप?"

 सिस्टर इंजेक्शन देऊन निघून गेली. तोवर काकूंचे यजमान वर आले, मी त्यांना सांगितलं गॅसेस आहेत, काळजी करू नका. त्यांनी मला नमस्कार केला. ते जिना उतरले आणि मी खण उघडून परीक्षा सुरू केली. त्या परीक्षेत मला फार छान गुण मिळाले, हेही लिहून ठेवते.

आता कुणी म्हणेल, शब्द ऐकण्यात चूक झाली, होते कधीकधी. नाही हो. शब्दावर ढकलून मला सुटता येत नाही. काल दुखलं असतं तरी साठीची बाई, घाम, छाती जड, एवढ्यावर कुठलाही विद्यार्थी ईसीजी काढेल. पाच मिनिटांचं काम, मशीन शेजारच्या खोलीत. मला ती पाच मिनिटं द्यायची नव्हती आणि ‘कल’ या शब्दाने मला सबब दिली.

चार वाजता काका त्यांना रिक्षातून परत घेऊन आले. दोघांनी धरून आणलं. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले. आता हिंदी बोलायचं भान त्यांना नव्हतं. माझा हात घट्ट धरून त्या म्हणाल्या, "कळ येतीये गं. सकाळसारखीच कळ येतीये. पाठीतनं आरपार जातीये."

कळ. टाळूला जीभ लावून म्हटलेला तो ळ माझ्या कानाजवळ होता, चुकीचं ऐकायला जागाच नव्हती. लहानपणी मी पोट धरून बसले की आई विचारायची, "कळ येते का गं?" शब्द माझ्या घरातलाच होता. तो मला सकाळी ओळखता आला नाही आणि टोंकच्या संतोषला अर्थ माहीत नसून वेगळा ऐकू आला.

ईसीजी काढला. हार्ट अटॅक, ढळढळीत. संतोषने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला. मी गोळ्या दिल्या, सलाइन लावलं, सगळं बिनचूक केलं. मालक वर आले. सकाळचा केसपेपर हातात घेऊन त्यांनी माझ्यासमोरच वाचला.

"‘कल से’ लिखा है ना आपने? हाँ. तो फिर ठीक है. पेशंट ही लेट आया."

मोठ्या हॉस्पिटलात पाठवायची चिठ्ठी मला लिहायची होती. त्यात पहिलीच ओळ असते, दुखणं कधी सुरू झालं. सकाळचं माझं ते अज्ञान होतं, घाई होती, गर्व होता, काय म्हणायचं ते म्हणा. पण चार वाजता मला खरं काय ते ठाऊक होतं. आज सकाळपासून, असं लिहिलं तर त्याचा अर्थ बाई वेळेत आल्या होत्या आणि मी त्यांना गॅसची गोळी देऊन घरी पाठवलं. काल लिहिलं तर त्यांनीच दुखणं अंगावर काढलं. माझ्यापुढे परीक्षा होती, नोंदणी नवी कोरी होती. मी लिहिलं, कालपासून. चिठ्ठीची एक प्रत, सकाळच्या केसपेपरच्या प्रतीसोबत, काकांच्या हातात दिली. त्यांनी ती घडी न घालता, नीट फाइलमध्ये ठेवली.

काकू वाचल्या. पण उपचार उशिरा झाल्याने हृदयाचा एक भाग गेला तो गेलाच. मी महिन्याभरात ते काम सोडलं, अभ्यासाचं कारण सांगून. जाताना संतोष सिस्टरला म्हटलं, "सिस्टर, उस दिन..." ती म्हणाली, "रहने दो मैडमजी, अच्छे से पढ़ लेना." परीक्षेत मला मेडिसिन मिळालं. दुसऱ्या शहरात एमडी केलं, आणि परत जयपूरला येऊन स्वतःचा दवाखाना टाकला.

परत आल्यावर त्या वर्षी आई मला मंडळाच्या गणपतीला ओढून घेऊन गेली. मांडवात पहिल्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या. निम्म्या झाल्या होत्या. मी मागच्या मागे सटकणार, तेवढ्यात त्यांनी मला हाक मारली. "अगं पिंगळ्यांची डॉक्टर! इकडे ये." आणि शेजारणींना सांगितलं, "ही माझी डॉक्टर हो. मला पहिल्यांदा हिनेच तपासलं. किती धावपळ केली पोरीने माझ्यासाठी."

मी खाली बघत उभी राहिले. सगळ्यांना वाटलं लाजतेय.

दरवर्षी हेच. गणपतीला, संक्रांतीला, कोजागिरीला. काकू माझ्याकडे पेशंट पाठवायच्या, माझं कौतुक करायच्या. पूर्वी मंडळाच्या पन्नास माणसांचा मसालेभात एकट्या करायच्या म्हणे. आता जिना चढवत नाही म्हणून मानसरोवरातलं तिसऱ्या मजल्यावरचं घर विकून ते प्रताप नगरला तळमजल्यावर गेले होते. हे सगळं मला त्यांच्याच तोंडून, हसत हसत ऐकावं लागायचं. मी घरी येऊन जेवायची नाही. आईला वाटायचं, मंडळात खाऊन आले.

तरीही मी गप्पच होते. कबूल करते, मी तशीच गप्प राहिलेही असते. पण तिसऱ्या वर्षीच्या गणपतीत आरतीनंतर काही बायका काकूंभोवती बसल्या होत्या, मी प्रसादाची वाटी घेऊन जवळच उभी होते. कुणीतरी म्हणालं, बायकांनी दुखणं लपवू नये. काका तिथेच होते. विमा कंपनीत ते क्लेम तपासायचे. लोकांचे हॉस्पिटलचे कागद वाचण्यात उभा जन्म गेलेला माणूस. ते म्हणाले, "आमच्या हिचंच बघा की. आदल्या दिवशी छातीत दुखत होतं आणि मला पत्ता लागू दिला नाही. का, तर घरी पाहुणे जेवायला होते."

काकू म्हणाल्या, "नाही हो, त्याच दिवशी सकाळी..."

"कागदावर काय लिहिलंय? दोन्ही कागदांवर ‘काल’ लिहिलंय. तू स्वतःच सांगितलंस डॉक्टरला. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्यापासून लपवलंस ना?" काकांचा आवाज रागाचा नव्हता. दुखावलेला होता, आणि ते जास्त वाईट होतं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसल्या आणि बायकांना म्हणाल्या, "असेल बाई. मुलगाही फोनवर तेच म्हणतो. मलाच आठवत नसेल. डॉक्टर खोटं कशाला लिहील?"

वाटी माझ्या हातात तशीच राहिली. तोवर मला वाटत होतं, मी त्यांच्या हृदयाची गुन्हेगार आहे. पण मी त्यांच्याकडून त्यांची स्वतःची आठवणसुद्धा काढून घेतली होती. त्यांचं खरं होतं, आणि माझ्या एका शब्दापायी नवरा, मुलगा, आणि शेवटी त्या स्वतः, कुणीच त्यांच्यावर विश्वास ठेवत नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी प्रताप नगरला त्यांच्या घरी गेले. गल्लीच्या तोंडाशी स्कूटी लावून बराच वेळ नुसती उभी होते. दार काकांनी उघडलं. काकू पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. "ये ये, चहा टाकते हं," म्हणून उठायला लागल्या.

"काकू, बसा. आधी ऐका." आणि मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, नाहीतर सांगितलं नसतं. "त्या दिवशी तुम्ही काल म्हणाला नव्हतात. तुम्ही कळ म्हणालात. छातीत कळ आली. मी हिंदीतलं कल ऐकलं. सिस्टरने मला टोकलं, मी तिला उडवून लावलं. ईसीजी काढला नाही, कारण मला परीक्षा द्यायची होती. आणि संध्याकाळी सगळं कळल्यावरसुद्धा चिठ्ठीत मुद्दाम तेच लिहिलं. मला वाचवायला. तुम्ही काहीही लपवलेलं नव्हतं."

 काकूंच्या हातातली पाकळी हातातच होती. मला वाटलं आता त्या रडतील, नाहीतर मला शिव्या देतील. मी दोन्हींची तयारी करून गेले होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी काकांकडे पाहिलं.

"ऐकलंत? आता ऐकलंत का? किती वर्षं सांगतेय मी! त्याच दिवशी, सकाळी दहा वाजता, वाटाणे सोलताना आली कळ. तुम्ही पेपर वाचत होतात. तुम्हाला सांगितलं आणि तसेच निघालो आपण. मी कधी लपवलं होतं? बोला ना!"

आणि मग त्या रडल्या. "मला वाटायला लागलं होतं, माझंच डोकं फिरलंय," म्हणाल्या. काका खुर्चीत बसले, परत उठले. त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. शेवटी ते आत गेले आणि फाइल घेऊन आले. माझी ती चिठ्ठी त्यात होती, कडा जराही न दुमडलेली. ती त्यांनी टेबलावर माझ्यासमोर ठेवली आणि खिशातलं पेन काढून दिलं.

"ऑफिसात आमचा नियम होता," ते म्हणाले.  "चुकलेला शब्द गिरवायचा नाही, फाडायचा नाही. एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहायचं आणि शेजारी दुरुस्ती करणाऱ्याने पूर्ण सही करायची. आज याला कायद्याने काही किंमत नाही, मला माहीत आहे. तरी कर."

मी ‘कालपासून’ वर रेघ मारली. वर काय लिहायचं म्हणून मी थांबले, तर काकू पलंगावरूनच म्हणाल्या, "लिही. आज सकाळी दहा वाजता छातीत कळ आली."

पेशंटच्या शब्दांत. इंग्रजी चिठ्ठीवर मी देवनागरीत ते वाक्य लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, मला हाताने मराठी लिहायची सवयच नव्हती. खाली सही केली, तीही मराठीत, पिंगळे. काकांनी कागद उचलून चष्म्याजवळ नेला, शब्दन्‌शब्द वाचला, आजची तारीख घालायला लावली आणि फाइलमध्ये ठेवून दिला. म्हणाले, "तक्रार करायची की नाही, ते आम्ही दोघं ठरवू." मी म्हटलं, "जरूर करा." त्यांनी ती केली नाही. का केली नाही, हे विचारायचा हक्क मला नाही.

दाराशी आल्यावर मी म्हटलं, "काकू, मला माफ करा."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आता तू जा. मला आधी ह्यांच्याशी बोलायचंय."

चहाचं कुणी काढलं नाही. मी स्कूटी सुरू केली तेव्हा आतून काकूंचा आवाज येत होता, चढलेला, ठसक्यातला. इतक्या वर्षांत तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यानंतर मी माझ्या दवाखान्यात एक सवय लावून घेतलीय. पेशंटने सांगितलेलं मी त्याच्याच शब्दांत लिहिते, मग ते मारवाडी असो की मराठी, आणि परत वाचून दाखवते. बरोबर आहे का, विचारते. लोकांना गंमत वाटते. मला नाही वाटत. संतोष सिस्टरला शोधायला मी त्या नर्सिंग होमलाही गेले होते. ती गावी परत गेली होती, फोन नंबर कुणाकडे नव्हता. तिची माफी राहून गेली ती राहूनच गेली.

यंदाच्या गणपतीला काकू आल्या होत्या. पहिल्या रांगेत, त्याच खुर्चीत, शेजारी काका पाण्याची बाटली धरून. मी लांब उभी होते. काकूंनी हात करून बोलावलं, तशी गेले. शेजारी मंडळात नव्यानेच आलेल्या एक बाई बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "या कोण?"

पूर्वी याच प्रश्नाला काकू माझं केवढं गुणगान करायच्या. या वेळी त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता.

"ही?" त्या म्हणाल्या. "ही पिंगळ्यांची मुलगी."